संगणकाचे स्वागतपटल पुन्हा उघडताना

नवा संगणक प्रथमच सुरू केला की पडद्यावर एक स्वागतपटल उमटते. देश कोणता, भाषा कोणती, कळफलक कोणता, वापरकर्त्याचे नाव काय, असे प्रश्न ते एकामागून एक विचारते आणि उत्तरे मिळाली की दिसेनासे होते. ही उत्तरे बहुधा घाईत दिली जातात. अनेक घरांत तर ती संगणक जोडून देणारा दुकानदार किंवा घरातील एखादा जाणता मुलगाच देऊन टाकतो. पुढे हा संगणक दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची वेळ येते, तेव्हा ते पहिले पटल पुन्हा उघडता येईल का, असा प्रश्न पडतो.

या प्रश्नाला एक ताजे निमित्तही आहे. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी प्रसृत केलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आली. मात्र तिच्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक प्रोसेसर असावे लागतात. त्यामुळे उत्तम चालणारे कित्येक संगणक या अटींत बसत नाहीत. असे संगणक मग भाचीला, शेजारच्या विद्यार्थ्याला, गावच्या शाळेला दिले जातात किंवा विकले जातात.

स्वागतपटल पुन्हा उघडता येते, हे या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर आहे. परंतु त्याचे मार्ग निरनिराळे आहेत आणि प्रत्येक मार्गाचा परिणामही निराळा आहे. पटल पुन्हा उघडल्याने जुनी माहिती पुसली जातेच असे नाही, ही बाब प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पडद्यावर नव्या संगणकासारखे स्वागत झळकत असताना आधीच्या मालकाची छायाचित्रे, पत्रे आणि बँकेची कागदपत्रे आत जशीच्या तशी असू शकतात.

एका नावाची अनेक पटले

स्वागतपटल हा शब्द वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला गेल्याने पुष्कळ गोंधळ होतो. २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ मध्ये संगणक सुरू होताच एक छोटी चौकट उघडत असे. तीत प्रत्येक वेळी एक नवी सूचना असे, आणि पुढच्या वेळी हे पटल दाखवावे की नाही हे ठरवण्यासाठी तळाशी एक खुणेची जागा असे. ती खूण काढली की चौकट येणे बंद होई. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टामध्येही ‘वेलकम सेंटर’ नावाची खिडकी याच रीतीने उघडत असे.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये मात्र ‘वेलकम स्क्रीन’ हे नाव वापरकर्त्यांची नावे व चित्रे दाखवणाऱ्या प्रवेशाच्या पडद्याला दिले गेले. नव्या संगणकावर संगीताच्या साथीने उघडणारी आणि नाव विचारणारी पहिली पटले त्याहून वेगळी होती. संगणकतज्ज्ञ त्यांना ‘आउट-ऑफ-बॉक्स एक्स्पीरियन्स’ म्हणतात. खोक्यातून बाहेर काढलेल्या संगणकाशी होणारी पहिली ओळख, असा त्याचा आशय आहे.

म्हणून पटल उघडण्याआधी स्वागत कोणाचे करायचे आहे, हे निश्चित करावे. संगणक त्याच व्यक्तीकडे राहणार असेल, घरातील आणखी एक जण तो वापरणार असेल, किंवा तो कायमचा दुसऱ्याचा होणार असेल, तर या तिन्ही प्रसंगी मार्ग वेगळा घ्यावा लागतो.

संगणक आपल्याकडेच राहणार असेल तर

पहिल्या दिवशी दिलेले एखादे उत्तर केवळ बदलायचे असेल, तर स्वागतपटलाकडे परत जाण्याचे कारण नाही. त्या पटलावर विचारलेल्या जवळजवळ सर्व गोष्टी विंडोजच्या ‘सेटिंग्ज’ विभागात नंतरही बदलता येतात. देश, भाषा आणि कळफलक ‘टाइम अँड लँग्वेज’ या भागात असतात. संगणकाचे नाव ‘सिस्टीम’ मध्ये, तर वापरकर्त्याचे खाते ‘अकाउंट्स’ मध्ये सापडते.

यांतही ‘प्रायव्हसी’ हा भाग प्रत्येकाने एकदा तरी उघडून पाहावा. संगणकाचे ठिकाण कळवावे का, वापराविषयीची अधिक तपशीलवार माहिती कंपनीकडे पाठवावी का, जाहिरातींसाठी ओळखक्रमांक वापरू द्यावा का, हे प्रश्न स्वागतपटलावर विचारले जातात. तेथे घाईने होकार दिला गेला असेल, तर तो या भागात जाऊन मागे घेता येतो.

नव्या सुविधांची ओळख करून देणारे पटल अद्ययावतीकरणानंतर पुन्हा दिसावे असे वाटत असेल, तर त्याची खूण ‘सिस्टीम’ मधील ‘नोटिफिकेशन्स’ या पानावर मिळते. विंडोज ११ मध्ये ती त्याच पानाच्या तळाशी ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ खाली आहे. मांडणी पूर्ण करण्याचे सुचवणारे आणि कंपनीच्या इतर सेवा पुढे करणारे पटल अधूनमधून आपोआप येत असेल, तर तेही तेथूनच बंद करता येते.

घरातील दुसऱ्या व्यक्तीसाठी

एकच संगणक घरातील दोघांनी वापरायचा असेल, तर दुसऱ्या व्यक्तीचे स्वतंत्र खाते उघडावे. ‘अकाउंट्स’ विभागातील ‘अदर यूजर्स’ येथे ही सोय आहे. नव्या खात्यातून प्रथम प्रवेश केल्यावर विंडोज त्या व्यक्तीचे स्वागत करते आणि गोपनीयतेविषयीचे प्रश्न तिला स्वतंत्रपणे विचारते. पहिल्या व्यक्तीच्या फायलींना यात धक्का लागत नाही.

येथे एक दक्षता घ्यावी. नवे खाते साधे ठेवावे, त्याला व्यवस्थापकाचे अधिकार देऊ नयेत. व्यवस्थापकाचे अधिकार असलेली व्यक्ती त्याच संगणकावरील इतरांची फोल्डरेही उघडू शकते.

विक्रेत्यांसाठीचा मार्ग

संपूर्ण संगणकाचे पहिले स्वागतपटल पुन्हा आणण्यासाठी विंडोजमध्येच ‘सिसप्रेप’ नावाची एक आज्ञावली असते. ती मुळात सामान्य ग्राहकांसाठी नाही. संगणक उत्पादक आणि मोठी कार्यालये एका संगणकावर सर्व मांडणी करतात, तिची प्रत अनेक संगणकांवर उतरवतात, आणि प्रत्येक संगणक ग्राहकापुढे नव्याने उघडावा म्हणून ही आज्ञावली चालवतात. ग्राहकाला दिसणारे स्वागत हे अशा रीतीने कारखान्यातील शेवटच्या पायरीचे फळ असते.

ही आज्ञावली सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात, त्यातील सिस्टीम-३२ मध्ये, सिसप्रेप याच नावाच्या फोल्डरात ठेवलेली असते. व्यवस्थापकाच्या खात्यातून ती चालवली की एक छोटी चौकट उघडते. तिच्यातील पहिल्या यादीतून ‘एन्टर सिस्टीम आउट-ऑफ-बॉक्स एक्स्पीरियन्स’ हा पर्याय आणि खालच्या यादीतून ‘शटडाउन’ हा पर्याय निवडून संमती दिली, की संगणक बंद होतो. पुढच्या वेळी तो सुरू केल्यावर स्वागतपटल दिसते.

चौकटीत ‘जनरलाइझ’ अशी एक खूणही असते. संगणकाची स्वतःची ओळख दर्शवणारी माहिती काढून टाकण्याचे काम ती करते. मांडणीची प्रत इतर यंत्रांवर उतरवायची असेल तेव्हाच तिची गरज असते. एकाच संगणकासाठी ती रिकामी ठेवणे योग्य.

काही संगणकांवर सिसप्रेप चुकीचा संदेश देऊन थांबते. एखाद्या वापरकर्त्याने मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून केवळ स्वतःच्या खात्यापुरते घेतलेले ॲप हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. तसेच ही क्रिया एकदा पार पडली की मागे फिरण्याची सोय नाही. स्वागतपटलावरील सर्व पायऱ्या पूर्ण करून नवे खाते निर्माण करावेच लागते.

पटल नवे, आतील सामान जुने

सिसप्रेप स्वागतपटल परत आणते, पण आधीची खाती आणि त्यांतील फायली पुसत नाही. स्वागतपटलावर नव्या मालकाने निर्माण केलेले खाते व्यवस्थापकाचे असते. याचा अर्थ असा, की जुन्या मालकाच्या फोल्डरावर त्याने क्लिक केले आणि विचारलेल्या प्रश्नास होकार दिला, तर सांकेतिक रूपात न ठेवलेल्या फायली त्याला वाचता येतात. जुन्या खात्याचा परवलीचा शब्द ठाऊक असण्याचीही आवश्यकता राहत नाही.

देणारा आणि घेणारा या दोघांनाही याची कल्पना नसते. आधार कार्डाची प्रत, प्राप्तिकराची विवरणपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका, कुटुंबाची छायाचित्रे असा ऐवज घराघरांतील संगणकांत साठलेला असतो. पडद्यावर नवे स्वागत दिसले म्हणजे संगणक कोरा झाला, असे समजून तो परक्याच्या हाती देणे धोक्याचे आहे. सिसप्रेपचा उपयोग त्यामुळे एकाच प्रसंगी करावा: कार्यप्रणाली नुकतीच नव्याने बसवली आहे, संगणकात कोणाचीही खासगी माहिती नाही, आणि पुढील वापरकर्त्याला सर्व निवड स्वतः करता यावी अशी इच्छा आहे.

कायमचे हस्तांतरण

संगणक कायमचा दुसऱ्याकडे जाणार असेल, तर ‘रिसेट धिस पीसी’ हा मार्ग घ्यावा. विंडोज १० मध्ये तो ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ मधील ‘रिकव्हरी’ या पानावर, तर विंडोज ११ मध्ये ‘सिस्टीम’ मधील ‘रिकव्हरी’ या पानावर आहे. तेथे दोन पर्याय मिळतात. ‘कीप माय फाइल्स’ या पर्यायात वैयक्तिक फायली तशाच राहतात, म्हणून तो येथे उपयोगाचा नाही. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हा पर्याय खाती, फायली आणि नंतर बसवलेल्या आज्ञावल्या काढून टाकतो, कार्यप्रणाली नव्याने बसवतो आणि शेवटी स्वागतपटलापाशी येऊन थांबतो.

यातील दोन उपपर्याय सहज नजरेतून सुटतात. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी आणि ई असे भाग पाडण्याची पद्धत आहे, आणि छायाचित्रे व कागदपत्रे बहुधा डी ड्राइव्हवर ठेवली जातात. रिसेटच्या वेळी केवळ विंडोज असलेला भाग पुसावा की सर्व भाग पुसावेत, हे ‘चेंज सेटिंग्ज’ या दुव्याखाली ठरवता येते. ती निवड केली नाही, तर सी ड्राइव्ह कोरा होतो आणि डी ड्राइव्हवरील सारा संग्रह नव्या मालकाकडे जातो.

दुसरा उपपर्याय ‘क्लीन डेटा’ हा आहे. फायली नुसत्या काढून टाकल्या, तर विशेष आज्ञावलीच्या साहाय्याने त्या परत मिळवण्याची शक्यता उरते. क्लीन डेटा ही शक्यता बरीच कमी करतो. त्यासाठी काही तासही लागू शकतात. मात्र ही सोय घरगुती वापरासाठी असून शासकीय व औद्योगिक क्षेत्रांतील माहिती-निर्मूलनाचे निकष ती पूर्ण करत नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे. म्हणून कार्यालये, दवाखाने आणि शाळांनी आपले जुने संगणक देताना केवळ तिच्यावर विसंबून राहू नये. नागरिकांच्या माहितीचा हेतू संपल्यावर ती पुसून टाकावी, हे तत्त्व २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही आहे.

रिसेट करण्यापूर्वीची तयारी अशी असावी. आवश्यक फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे पाहावे. बिटलॉकर सुरू असल्यास त्याची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी. ‘फाइंड माय डिव्हाइस’ ही सोय बंद करावी आणि आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातील उपकरणांच्या यादीतून तो संगणक वगळावा. लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडून ठेवावा. रिसेट अर्ध्यावर थांबल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो.

स्वागतपटल दिसू लागल्यावर जुन्या मालकाचे काम संपते. तेथे कोणतेही उत्तर न देता संगणक बंद करावा आणि तसाच सुपूर्द करावा.

नव्या मालकाचा हक्क

नव्या मालकाने मात्र त्या पटलापुढे सवडीने बसावे. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत इंटरनेटची जोडणी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. ते खाते त्याच्या स्वतःच्या नावाचे असावे. दुकानदाराच्या किंवा देणाऱ्याच्या खात्यावर संगणक सुरू करून घेतला, तर बिटलॉकरची किल्ली आणि उपकरणाची नोंद त्या दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकते. पुढे कधी अडचण आली, की संगणक हाती असूनही त्यातील माहिती मिळवता येत नाही.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. विंडोजमध्ये मराठी इंटरफेस इंग्रजीच्या पायावर बसणाऱ्या भाषा-संचाच्या रूपाने मिळतो. स्वागताच्या पायऱ्या इंग्रजीत पूर्ण केल्या, तरी नंतर ‘टाइम अँड लँग्वेज’ मध्ये मराठी जोडता येते. संगणक इंदुरात, बडोद्यात किंवा हैदराबादेत घेतलेला असला, तरी यात फरक पडत नाही. कळफलकाचे दोन प्रकार आहेत. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात अंतर्भूत असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यत्वे उजव्या हाताकडे असतात. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी लिहिण्याचा कळफलक विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून समाविष्ट झाला.

इतर कार्यप्रणालींत

विंडोज ११ बसू न शकणाऱ्या संगणकावर लिनक्स बसवण्याचा विचार पुष्कळ जण करतात. लिनक्स मिंटमध्ये स्वागतपटल पुन्हा पाहणे सोपे आहे. मुख्य यादीत ‘वेलकम स्क्रीन’ असे शोधले की ते उघडते आणि प्रत्येक प्रारंभी ते दिसावे यासाठी तळाशी खूणही करता येते. ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्या वितरणांत पहिली मांडणी पूर्ण झाल्याची नोंद एका छोट्या फाइलच्या रूपाने वापरकर्त्याच्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ठेवली जाते. ही फाइल असेपर्यंत पटल पुन्हा दिसत नाही. या पटलांचाही फायली पुसण्याशी काही संबंध नाही.

शाळेला संगणक भेट देणाऱ्यांसाठी लिनक्स मिंटमध्ये एक उपयुक्त सोय आहे. २०२४ साली आलेल्या २२ व्या मालिकेतही प्रतिष्ठापनेच्या आरंभीच्या यादीत ‘ओईएम इन्स्टॉल’ हा पर्याय मिळतो. त्याने प्रणाली तात्पुरत्या खात्यातून बसवता व तपासता येते. शेवटी डेस्कटॉपवरील चिन्हावर क्लिक केले की ते तात्पुरते खाते निवृत्त होते आणि पुढील वापरकर्त्यापुढे कोरे स्वागतपटल उघडते.

ॲपलच्या मॅक संगणकांतही मांडणी झाल्याची नोंद एका छुप्या फाइलमध्ये असते. ती काढल्यास ‘सेटअप असिस्टंट’ पुन्हा सुरू होतो. पण जुनी खाती आणि फायली तेथेही जागच्या जागी राहतात. हस्तांतरणासाठी २०२१ च्या माँटेरे आवृत्तीपासून ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय उपलब्ध आहे. टी-२ चिप किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या संगणकांवर तो चालतो.

सारांश

केवळ निवड बदलायची असल्यास सेटिंग्ज उघडावीत. घरातील दुसऱ्या व्यक्तीसाठी नवे खाते काढावे. संगणक कायमचा द्यायचा असल्यास प्रत घेऊन, सर्व ड्राइव्ह पुसून, स्वागतपटलापाशी थांबावे. विंडोज १० चा जुना संगणक कोणास देताना त्याच्या प्रणालीचा नियमित पाठिंबा संपला असल्याची कल्पना घेणाऱ्याला द्यावी, किंवा त्यावर पाठिंबा असलेली प्रणाली बसवून द्यावा. संगणक घेणाऱ्यानेही स्वागतपटल दिसले एवढ्यावर समाधान न मानता डी आणि ई ड्राइव्ह उघडून पाहावेत. तेथे कोणाच्या फायली आढळल्या, तर त्या न वाचता मूळ मालकाला कळवावे आणि त्याच्या संमतीने त्या पुसून टाकाव्यात.